मेंढीकोटचे रूप बदलताना

ऑनलाइन खेळ जुना झाला म्हणजे त्यातले नेमके काय जुने झाले, हा प्रश्न गेले काही महिने माझ्यासमोर आहे. सोलापुरातल्या आम्ही काही मित्रांनी 2009 च्या सुमारास तयार केलेला मेंढीकोटचा खेळ अजून चालू आहे, रात्रीच्या जेवणानंतर त्यावरची टेबले अजून भरतात, आणि त्या खेळाचे रूप व पडद्यावरची मांडणी नव्याने करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. नियम तेच राहणार आहेत, सर्व्हरही तोच राहणार आहे. बदलायचे आहे ते केवळ डोळ्यांना दिसणारे आणि बोटांना लागणारे. असे काम वरवरचे असते अशी एक समजूत आहे. मला ती मान्य नाही, कारण पत्त्यांच्या खेळात डोळ्यांना काय दिसते आणि केव्हा दिसते यावरच पुष्कळसा खेळ उभा असतो.

मेंढीकोट आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असला, तरी पुढचे मुद्दे कळावेत म्हणून थोडक्यात सांगतो. चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला 13 पाने. प्रत्येक फेरीतले पहिले पान म्हणजे उतारी. ती ज्या प्रकारची, त्या प्रकारचे पान हातात असेल तर तेच टाकावे लागते. नसेल तर हुकूम मारता येतो. चारही दश्श्या म्हणजे मेंढ्या. ज्या जोडीने तीन किंवा चार मेंढ्या धरल्या तिचा डाव, दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात (म्हणजे जिंकलेल्या चार पानांच्या फेऱ्या) जास्त त्यांचा डाव, आणि चारही मेंढ्या एकाच जोडीकडे गेल्या तर कोट. हुकूम ठरवण्याच्या दोन पद्धती आमच्या खेळात आहेत. कट हुकमात पहिल्यांदा ज्याच्याकडे उतारीचे पान नसेल त्याने टाकलेले पान हुकूम ठरवते, आणि बंद हुकमात एक खेळाडू आपल्या हातातले एक पान पालथे ठेवतो व ते वेळ आल्यावरच उघडले जाते.

हा खेळ आम्ही फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये खेळ चालवण्याच्या अडोबी कंपनीच्या तंत्रात, लिहिला होता. त्या काळी तेच स्वाभाविक होते. नेट कॅफेतल्या प्रत्येक संगणकावर फ्लॅश असे, पडदा 800 गुणिले 600 किंवा थोडा मोठा असे, आणि माऊसचा बाण केसाएवढ्या जागेवरही नेमका ठेवता येई. पुढे 2016 च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि आमचे खेळाडू बघता बघता फोनकडे वळले. फोनवर मात्र फ्लॅश नव्हते. आयफोनने ते कधीच स्वीकारले नव्हते आणि अँड्रॉइडच्या दुकानातून ते 2012 च्या ऑगस्टमध्येच काढले गेले होते. शेवटी अडोबीने 31 डिसेंबर 2020 पासून फ्लॅशला पाठिंबा देणे बंद केले आणि 12 जानेवारी 2021 पासून त्यातला मजकूर चालणेच थांबवले. त्याआधी आम्ही घाईने सगळा खेळ एचटीएमएल5 मध्ये, म्हणजे फोनच्या ब्राउझरातही चालणाऱ्या स्वरूपात, जसाच्या तसा उतरवून घेतला. जसाच्या तसा म्हणजे अक्षरशः तसाच: तीच हिरवी चौकट, तीच बारीक अक्षरे, तीच एका ओळीत दाटीने लागलेली तेरा पाने. खेळ वाचला, पण 2009 च्या संगणकासाठी आखलेली मांडणी हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर आकसून बसली, आणि गेली काही वर्षे आमचे खेळाडू ती चिमटीने मोठी करून करून खेळत आहेत. हे आता सुधारायलाच हवे.

काम हाती घेण्यापूर्वी मी मोठ्या खेळांचा इतिहास वाचला, कारण हा प्रश्न जगात अनेकांनी सोडवला आहे किंवा सोडवताना हात पोळून घेतले आहेत. रुनस्केप हा केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा, हजारो जणांनी एकाच वेळी खेळायचा ऑनलाइन खेळ 2001 साली सुरू झाला. 2012 च्या नोव्हेंबरात त्यातली लढण्याची पद्धत आणि तिच्याबरोबर पडद्यावरची मांडणी इतकी बदलली, की जुने खेळाडू मोठ्या संख्येने दूर झाले. पुढच्या फेब्रुवारीत कंपनीने मतदान घेतले, सुमारे 4.5 लाख मते पडली, आणि 2007 च्या ऑगस्टची एक जपून ठेवलेली प्रत पुन्हा सुरू करण्यात आली. आज ती जुनी आवृत्तीच नव्या आवृत्तीपेक्षा अधिक खेळली जाते. त्याहून महत्त्वाचे हे, की त्या आवृत्तीतले मोठे बदल खेळाडूंच्या मतदानाने होतात; सुरुवातीला 75 टक्के होकार मिळाल्याशिवाय बदल होत नसे, आणि 2022 पासून ही मर्यादा 70 टक्क्यांवर आली आहे. हे वाचून काही जण असा निष्कर्ष काढतात की जुन्या खेळाला हातच लावू नये. मला तसे वाटत नाही, कारण तीच जुनी आवृत्ती 2018 साली फोनवर आली आणि लोकांनी तिचे स्वागत केले. माझ्या वाचनाप्रमाणे लोकांनी नाकारले ते नवेपण नव्हते. हाताला बसलेली रीत एका रात्रीत काढून घेतली गेली, हे त्यांना सहन झाले नाही.

स्टारक्राफ्टचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. 1998 चा हा लढाईच्या डावपेचांचा खेळ 2017 च्या ऑगस्टमध्ये नव्या चित्रांसह आला. सगळी चित्रे मोठ्या पडद्यासाठी पुन्हा रेखाटली होती, पण खेळाचा सांगाडा तोच ठेवला होता, इतका की चालू खेळात एफ5 ही कळ दाबली की नवे रूप जाऊन जुने समोर येते आणि पुन्हा दाबली की नवे परत येते. एकाच खेळात एक जण जुन्या रूपात आणि दुसरा नव्या रूपात खेळू शकतो आणि त्याने निकालात काहीही फरक पडत नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या मोठ्या ऑनलाइन खेळानेही 2014 मध्ये पात्रांचे चेहरे नवे केले तेव्हा जुने चेहरे ठेवण्याची सोय दिली होती, आणि 2022 मध्ये तर पडद्यावरची पट्टी कुठे हवी हे खेळाडूनेच ठरवावे अशी व्यवस्था केली. आम्ही स्टारक्राफ्टची वाट धरली आहे. सर्व्हर आणि खेळाडूचा पडदा यांच्यात जाणाऱ्या-येणाऱ्या संदेशांची बोली जशीच्या तशी ठेवायची आणि फक्त पडदा नवा करायचा, म्हणजे एकाच टेबलावर दोघे नव्या रूपात आणि दोघे जुन्या रूपात बसू शकतील.

आता खऱ्या अडचणीकडे येतो, आणि ती साध्या भागाकाराची आहे. साधारण अँड्रॉइड फोन उभा धरला तर मांडणीच्या हिशेबाने त्याची रुंदी सुमारे 360 पिक्सेल असते. त्यात तेरा पाने एका ओळीत लावली तर प्रत्येकाच्या वाट्याला 27-28 पिक्सेल येतात. बोटाने नेमके दाबता यावे यासाठी गूगलची शिफारस 48 पिक्सेलांची आहे, म्हणजे पडद्यावर सुमारे 9 मिलिमीटर. कमी जागेत काय होते हे आमचे खेळाडू रोज अनुभवतात: टाकायची असते किलवरची सत्ती आणि जाते शेजारची दश्शी, आणि मेंढी अशी फुकट गेली की भिडू तिथल्या तिथे टेबल सोडून जातो. पाने दोन ओळींत लावली, वर सात आणि खाली सहा, तर प्रत्येकाला 51 पिक्सेल मिळतात आणि प्रश्न सुटतो. परंतु हातातली पाने पंख्यासारखी एका ओळीत धरण्याची सवय जन्माची असते, आणि ओळ मोडली की आपल्याकडे बदामाची किती पाने आहेत हे एका नजरेत कळत नाही.

यावर बराच विचार करून आम्ही असे ठरवले आहे. फोन आडवा धरला तर जुनीच एक ओळ राहील, उभा धरला तर दोन ओळी होतील. पानांचा क्रम मात्र दोन्हीकडे तोच, इस्पिक, बदाम, किलवर, चौकट, म्हणजे काळा आणि लाल एकाआड एक येतील. पहिल्या स्पर्शाला पान वर उचलले जाईल, दुसऱ्या स्पर्शाला टाकले जाईल. ज्यांना एकाच स्पर्शात टाकायची सवय आहे त्यांच्यासाठी तशी निवड असेल. आणि पान टाकल्यावर उरलेली पाने लगेच सरकणार नाहीत. तो हात उचलला जाईपर्यंत रिकामी जागा रिकामीच राहील. हा शेवटचा मुद्दा किरकोळ दिसतो, पण बोट खाली येत असताना पाने सरकली तर भलतेच पान दाबले जाते, आणि आधुनिक मांडणीत सगळे काही आपोआप सरकून जागा भरते म्हणून ही चूक हटकून होते.

टॉवेलच्या कारखान्यात काम करून आता निवृत्त झालेले पूर्व भागातले एक अण्णा आमच्या सर्वांत जुन्या खेळाडूंपैकी आहेत. नवे रूप त्यांना दाखवले तेव्हा त्यांनी रंगांकडे फारसे पाहिलेच नाही. "रंग कुठला पण दे बाळा," ते म्हणाले, "पण हुकूम जिथं बघतो तिथंच राहू दे." हुकुमाची खूण आमच्या खेळात वर डाव्या कोपऱ्यात असते, आणि नव्या आराखड्यात ती मधोमध घेतली होती, कारण मधोमध ती अधिक ठसठशीत दिसत होती. ती परत डाव्या कोपऱ्यात नेली आहे. आधीपेक्षा दुप्पट मोठी केली आहे, कडेला गडद रेघ दिली आहे, पण जागा तीच. या कामाचे माझ्यापुरते सूत्र त्यातून स्पष्ट झाले: आकार, रेषा, अक्षर, उजेड हे सगळे निःसंकोच बदलावे, आणि जागा बदलायची वेळ आली तर ती पडद्याच्या मापाने भाग पाडली आहे का हे आधी तपासावे. डावीकडे वळावे की उजवीकडे, हेही जागेतच येते. आमच्या खेळात वाटणे आणि खेळणे उजवीकडून चालते. पत्त्यांचे तयार साचे मात्र बहुतेक डावीकडून फिरणारे असतात, आणि तसा साचा आणून बसवला असता तर प्रत्येक खेळाडूची पाळी ओळखण्याची सवयच उलटी झाली असती.

चित्रांचे काम मला सर्वांत सुखद वाटले. आमचे जुने राजा, राणी आणि गुलाम ज्या मित्राने काढले होते त्याच्या घरी चादरींच्या नक्षीचे काम चालत आले आहे, आणि त्याने ती चित्रे जेकार्ड मागावर विणायच्या नक्षीसारखीच चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरून काढली होती. चादरीत एका मापासाठी आखलेला मोर मोठ्या मापावर नुसता ताणून चालत नाही, त्याची मान जाड होते आणि पिसारा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. तो नव्या मापासाठी पुन्हा आखावा लागतो. ठिपक्यांनी काढलेल्या आमच्या चित्रांचेही तेच झाले होते. आजच्या फोनच्या पडद्यावर एका जुन्या ठिपक्याच्या जागी नऊ-नऊ ठिपके असतात, त्यामुळे राणीचा चेहरा पुसट आणि गुलामाची मिशी एक काळा डाग झाली होती. त्याच मित्राने आता ती सगळी बारा चित्रे रेषांच्या पद्धतीने, म्हणजे कितीही मोठी केली तरी कड न मोडणाऱ्या एसव्हीजी स्वरूपात, नव्याने काढली आहेत. चेहऱ्यांची ठेवण, राणीच्या हातातले फूल, राजाच्या अंगरख्यावरचे चौकडे तेच आहेत. चौकटची राणी पाहून जुना खेळाडू तिला ओळखेल, फक्त तिचे डोळे आता दिसतील.

मी सर्वाधिक वेळ ज्या गोष्टीवर घालवला ती मात्र चित्रांत नाही. नव्या मांडणीबरोबर सोयी येतात आणि प्रत्येक सोय खेळात काहीतरी बदलते. उदाहरणार्थ, उतारीच्या प्रकारचे एकच पान हातात असेल तर ते आपोआप टाकले जावे, ही सूचना अनेकांनी केली आणि ऐकायला ती अगदी निरुपद्रवी आहे. पण पान क्षणात पडले की समोरच्या जोडीला कळते की याच्याकडे तेवढेच एक पान होते, आणि पुढच्या वेळी हा हुकूम मारणार. टेबलावर बसलेला मुरलेला खेळाडू एकच पान असतानाही दोन क्षण हातात चाळवाचाळव करतो तो उगाच नव्हे. म्हणून पान आपोआप टाकायचे नाही. जी पाने नियमाने टाकता येत नाहीत ती अंधुक दाखवायला हरकत नाही, कारण ते ज्याचे त्यालाच दिसते. पडून गेलेल्या पानांची यादी दाखवावी का? मुळीच नाही, कोणती दश्शी गेली, कोणता एक्का अजून बाहेर आहे हे लक्षात ठेवणे हीच या खेळातली बुद्धी आहे, आणि पडद्याने ते काम केले तर खेळ उरतो कशाला. शेवटचा एक हात पुन्हा पाहता येतो, तेवढी मुभा पूर्वीपासून होती आणि तेवढीच राहील. हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांच्या खुणा तरुण खेळाडूंना हव्या आहेत. त्या दोन डावांच्या मध्येच पाठवता येतील, कारण डाव चालू असताना भिडूला पाठवलेला हसरा चेहरा म्हणजे बदामाची उतारी कर असा इशारा व्हायला दोन दिवसही लागत नाहीत. चार पाने पडल्यावर ती उचलली जाण्यापूर्वी जे थांबणे असते, तेही असेच. नव्या पद्धतीप्रमाणे ते झटकन व्हावे असे सुचवले गेले, पण त्या थांबण्यातच चौघे जण पाने वाचून मनात ठेवतात, म्हणून ते जुन्या इतकेच लांब ठेवले आहे.

अक्षरांबद्दल सांगायलाच हवे. जुन्या खेळातला मजकूर युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये होता आणि तो चित्रासारखा चिकटलेला होता. फोनवर अक्षरे मोठी करण्याची सोय त्याला लागू होत नव्हती आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीला तो दिसतच नव्हता. आता सगळा मजकूर युनिकोडमध्ये आहे, आणि मराठीसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या संस्थेने केलेला, सर्वांना मोफत वापरता येणारा 'मुक्त' हा फाँट घेतला आहे. इंग्रजीसाठी आखलेल्या साच्यात ओळींमधले अंतर इतके कमी असते, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो आणि बटणांवरच्या वेलांट्या कापल्या जातात, म्हणून ते अंतर अक्षराच्या 1.6 पट केले. सोलापूरचे खेळाडू म्हणजे मराठी, कन्नड आणि तेलुगू हे तिन्ही आले, आणि बटणे तिन्ही लिप्यांना पुरतील एवढी उंच ठेवली आहेत, कारण तेलुगूची जोडाक्षरे खाली बरीच उतरतात. मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजेडातला फरक किमान 4.5:1 असावा असे वेबच्या सुलभतेचे नियम सांगतात. आमच्या जुन्या हिरव्यावरच्या राखाडी अक्षरांत तो त्याच्या जवळपासही नव्हता. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी दुकानाच्या दारात बसून फोन पाहणाऱ्याला हा फरक कागदावरचा वाटणार नाही.

हिरवा रंग थोडा गडद केला आहे, एवढेच. सोनेरी नाणी, झगमगणारी अक्षरे, जिंकल्यावर पडणारा पैशांचा पाऊस असे रूप काही जणांनी सुचवले होते, कारण फोनवरच्या पत्त्यांच्या खेळांचे रूप तसेच असते अशी सवय जाहिरातींनी लावली आहे. मी ते ठामपणे नाकारले. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. आमच्या खेळात पैसा कधीच नव्हता, त्यामुळे कायद्याने आम्हाला काही बदलावे लागले नाही, पण पैशांच्या खेळाचा वेश घालून बिनपैशांचा खेळ समोर ठेवणे मला पटत नाही. त्या वेशामागे कितीतरी घरांचे पगार गेले आहेत. आमच्याकडे जिंकणाऱ्याच्या नावापुढे एक कोट लागतो, आणि त्यावरून होणारी चिडवाचिडवी पुरेशी असते.

नवे रूप आता काही टेबलांवर चाचणीसाठी सुरू आहे आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या एका बटणाने जुन्या रूपात परतता येते. दोन रूपे सांभाळणे कष्टाचे आहे. प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते आणि दोनदा तपासावी लागते. तरीही जुने रूप वापरणारे खेळाडू आहेत तोवर ते बंद करायचे नाही असे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले आहे. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या आसपास, बाहेरगावी गेलेले पुष्कळ जण घरी येतात आणि घरातल्या मोठ्यांना टेबलावर बसायला तेच मदत करतात, तेव्हा नवे रूप सर्वांसाठी त्या सुमारास खुले करावे असा विचार आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. बंद हुकमात जे पान पालथे ठेवायचे, ते जुन्या मांडणीत ठेवणाऱ्याच्या नावाशेजारी दिसत असे. उभ्या फोनवर बाजूच्या खेळाडूंच्या नावाशेजारी तेवढी जागा उरत नाही, आणि ते पान टेबलाच्या मध्ये ठेवले तर कोणी ठेवले हे कळत नाही, जे कळणे उतारी ठरवताना आवश्यक असते. मित्राने पानाच्या मागच्या बाजूला चार खेळाडूंसाठी चार वेगळ्या किनारी काढून दिल्या आहेत, म्हणजे पान मध्ये असले तरी किनारीवरून मालक ओळखता येईल. दुसरा पर्याय नाव लहान करून पान शेजारीच ठेवण्याचा आहे. दोन्ही आराखडे चाचणीच्या टेबलांवर आळीपाळीने लावले आहेत. बंद हुकूम खेळणाऱ्यांनी दोन्ही खेळून पाहावेत आणि डाव संपल्यावर येणाऱ्या प्रश्नाला उत्तर द्यावे.